साक्षीचं रजिस्टर

चंगाई सभेत स्टेजच्या एका बाजूला, जनरेटरच्या अलीकडे, एक टेबल असतं. सभेला आलेल्यांचं तिकडे सहसा लक्ष जात नाही. आपण बरे झालो असं ज्याला वाटतं त्याला स्वयंसेवक आधी या टेबलाशी आणतात. तिथे बसलेला माणूस नाव, गाव, आजार विचारून वहीत लिहितो आणि याला माइकपर्यंत सोडायचं की नाही ते ठरवतो. मैदानातल्या हजारो लोकांना स्टेजवर जे दिसतं ते या टेबलावर चाळून पुढे गेलेलं असतं. तिथे बसलेला माणूस मी होतो.

हे काम माझ्याकडे आलं ते माझ्या अक्षरामुळे आणि धंद्यामुळे. नेरला एका जिनिंगमध्ये मी मुनीम होतो. हंगामात काट्यावर बसायचं, गाडी आली की कापूस बघायचा, पट्टी फाडायची, चुकारा लिहायचा. वजन वाढावं म्हणून कोणी कापसाला पाणी मारून आणतो आणि वरचा थर मात्र कोरडा ठेवतो. वरून हात फिरवून ते कळत नाही, कोपरापर्यंत हात आत घालावा लागतो. मी घालायचो. मंडळीतले लोक म्हणायचे, मुनीमजीला कोणी फसवू शकत नाही. मलाही ते पटलं होतं. ज्याला हे स्वतःबद्दल पटलेलं असतं त्याच्याइतकं सोपं गिऱ्हाईक दुसरं नाही.

आमची मंडळी जुनी, मिशनची. यवतमाळ भागात फ्री मेथडिस्ट मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. त्यांनी प्रार्थनाही शिकवली आणि उमरीला दवाखानाही काढला. तिकडे परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचं रुग्णालय, तेही मिशनचंच. घरात कोणी आजारी पडलं की मंडळीतली वडीलधारी माणसं यायची, याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं कपाळाला तेल लावायची, प्रार्थना करायची आणि उठता उठता विचारायची, दवाखान्यात कधी नेता? माझ्या लहानपणी या दोन गोष्टींत भांडण आहे असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. शिवाय 1953 पासून 1983 मध्ये पुण्याला जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळलाच होती. शास्त्र कसं वाचावं हे शिकायला देशभरातून माणसं आमच्या जिल्ह्यात यायची. आणि आम्ही शेवटी शिकलो ते टीव्हीवरून.

2004 साली मुंबईत टीव्हीवर गाजलेले चंगाई सेवक बेनी हिन यांची सभा झाली. तिची सीडी आमच्याकडे घरोघर फिरली. पांढरा सूट, हात उंचावला की रांगच्या रांग मागे कोसळते, खुर्चीतला माणूस उठून उभा राहतो. आमच्या तरुण पोरांना आपल्या पाळकाचं शांत प्रवचन त्यापुढे फिकं वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं. दोन-तीन वर्षांत जिल्ह्यातल्या काही मंडळ्यांनी मिळून परराज्यातल्या एका टीव्हीवरच्या सेवकाला यवतमाळला बोलावलं. नाव सांगत नाही. त्याच्यासारखे पुष्कळ आहेत आणि माझी तक्रार मुख्यतः माझ्याबद्दल आहे.

सभेच्या आदल्या दिवशी त्याच्या सहायकानं आम्हाला सूचना दिल्या. माणूस कामाचा होता. डोकेदुखी, कंबर, सांधे, कान, छातीत धडधड, हे लोक पुढे घ्या. चाकाच्या खुर्चीतले, जन्मापासून आंधळे, पोलिओचे, यांची बसायची सोय मागे दोरीच्या आत करा, त्यांच्यासाठी शेवटी वेगळी प्रार्थना होईल. मी ते सगळं लिहून घेतलं. एवढं चोख नियोजन बघून माझं मत आणखी चांगलं झालं. ज्यांना चमत्काराची सगळ्यात जास्त गरज आहे तेच मागे का, हा प्रश्न मला पडला नाही. गाडीचा वरचा थर कोरडा होता.

सेवकाला स्वतःला चष्मा होता. स्टेजवर जाताना तो काढून सहायकाकडे द्यायचा.

पहिल्या रात्री वातावरण असं तापलं की दुखणं विसरायला देवाचीही गरज पडू नये. तीन-तीन तास गाणी, ढोलकी, की-बोर्ड, टाळ्या. कमरेचा माणूस वाकून दाखवायचा, गुडघ्याची म्हातारी चार पावलं धावायची, मैदान गरजायचं. मी लिहीत होतो. 'कंबर, बरी.' 'कान, बरा.' सिकलसेलचा एक मुलगा आला. आमच्या विदर्भात हा आजार किती घरांत आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्याचं स्वरूपही ठाऊक आहे. दुखणं उसळतं, काही दिवस हाडं फोडून काढतं आणि आपोआप ओसरतं. मुलाचं दुखणं त्या दिवशी ओसरलं होतं. मी लिहिलं, 'सिकलसेल, बरा.' रक्ताचा आजार एका संध्याकाळी तपासून टाकणारा बहुधा मी जिल्ह्यातला पहिला मुनीम.

दुसऱ्या रात्री सेवकानं चष्मे काढून टाकायला सांगितले. स्टेजच्या पायरीशी ढीग झाला. सकाळी मी मंडपात हिशोब करत बसलो होतो, तर एकेक जण चाचपडत येऊ लागला. एक निवृत्त गुरुजी बराच वेळ ढीग उपसत होते. मी विचारलं, गुरुजी, तुमच्या डोळ्यांचं काल नाव घेतलं ना? ते म्हणाले, "हाव, दूरचं दिसून रायलं. पेपर वाचाले पाह्यजे होता." आम्ही दोघेही हसलो. हसण्यावारी नेलं हेच चुकलं.

पैशाचंही सांगतो. त्याच वर्षी, म्हणजे 2006 च्या पावसाळ्याच्या तोंडावर, पंतप्रधान विदर्भात आले होते आणि सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं. कारण सगळ्यांना माहीत आहे. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा देशभर आत्महत्यांमुळेच घेतलं जात होतं. अशा लोकांपुढे उभं राहून सेवक म्हणाला की देवाच्या कामात बीज पेरा, शंभर पटीनं उगवेल. ही बीजाची कल्पना अमेरिकेतल्या ओरल रॉबर्ट्स यांनी रुजवली आणि टीव्हीबरोबर ती जगभर गेली. ती आमच्याएवढी मनाला भिडेल असं श्रोतृमंडळ तिला क्वचितच मिळालं असेल. बियाण्याची पिशवी कर्जानं घेऊन दुबार पेरणी केलेली माणसं समोर होती. त्यांनी चुकाऱ्याच्या नोटा पाकिटात घातल्या. पाकिटं मोजायला मीच होतो. बेरीज बरोबर आली.

आता त्या मुलीबद्दल.

दहावीला होती. लहानपणापासून तिला झटके यायचे. यवतमाळच्या मेडिकलमधून गोळ्या सुरू होत्या आणि गोळ्यांमुळेच कित्येक महिन्यांत झटका आला नव्हता. आई निंदण-खुरपणाला जाणारी, आमच्याच मंडळीतली. ती मुलीला घेऊन टेबलाशी आली. मी विचारलं, काय त्रास? म्हणाली, झटके. आता? आता बंद आहेत. मी लिहिलं, 'झटके, बंद, बरी.' यातलं प्रत्येक उत्तर खरं होतं. कधीपासून बंद आहेत, एवढंच विचारायचं राहिलं. मुलगी स्टेजवर गेली, सेवकानं डोक्यावर हात ठेवला, ती मागे पडली, दोघांनी झेललं. मग त्यानं माइकवर आईला सांगितलं की आता औषध घेणं म्हणजे देवावर शंका घेणं.

आई काही बावळट नव्हती. घरी गेल्यावर तिला धाकधूक लागली. आठवड्याभरानं ती माझ्या घरी आली. पदराच्या गाठीत गोळ्यांची पट्टी होती, अर्धी रिकामी. उंबऱ्यातच उभी राहून तिनं विचारलं, "मुनीमजी, गोळी देऊ का नोको?"

एवढ्या साध्या प्रश्नाला साधं उत्तर होतं. ताई, डॉक्टरला विचार, तोवर बंद करू नको. मला ते येत होतं. माझ्या स्वतःच्या ब्लडप्रेशरची गोळी मी त्या दिवशी सकाळीच घेतली होती. तरी मी म्हणालो, "वहीत बरी लिहिली आहे ना? आता गोळी दिली तर आपणच साक्ष खोटी पाडल्यासारखं होईल."

त्या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. माझा विश्वास त्या वेळी फार मोठा होता, म्हणून बोललो असं मी काही वर्षं स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. तिनं गोळी सुरू ठेवली असती तर माझ्या रजिस्टरातली नोंद चुकीची ठरली असती. मुनीम होतो, नोंद वाचवली. आणि ती माझ्याकडे आली होती ती मी शिकलेला म्हणून. सेवक एव्हाना त्याच्या राज्यात पोचला होता. त्याचं वाक्य गावात पक्कं झालं ते माझ्या तोंडून.

झटक्याची गोळी एकदम बंद केली की झटके परत येतात, आणि बरेचदा जोरात येतात. हे नंतर डॉक्टरांनी समजावलं. सोंगणीचे दिवस होते, आई शेतात गेलेली. मुलगी चुलीवर भाकरी टाकत होती तेव्हा झटका आला आणि उजवा हात चुलीत गेला. शेजारणीला वास आला म्हणून ती धावली. मेडिकलमध्ये बरेच दिवस काढले, मांडीची कातडी काढून हाताला लावली. हात वाचला, पण शेवटची दोन बोटं तळव्याला चिकटून राहिली. त्या वर्षी दहावीची परीक्षा तिनं दिली नाही. पुढच्या वर्षी डाव्या हातानं लिहायला शिकून दिली आणि पास झाली. त्यात माझा किंवा सेवकाचा काही हात नव्हता.

डॉक्टरांनी आईला विचारलं, गोळ्या का थांबवल्या? मी दारातच होतो. ती म्हणाली, "सरल्या होत्या, आनाले पैसे नोहते." डॉक्टर तिच्यावर ओरडले. गोळ्या तिथे फुकट मिळायच्या. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ऐकून घेतलं.

इथे तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण त्या शिकवणीत अशा वेळेसाठीही एक वाक्य तयार असतं आणि ते माझ्या जिभेवर आलं. वऱ्हांड्यात मी तिला म्हणालो, कुठंतरी विश्वास कमी पडला असेल. तिनं वाद घातला नाही. थोडा विचार करून विचारलं, "कोनाचा? माहा का पोरीचा?"

मी रविवारच्या शाळेत वर्षानुवर्षं मुलांना ईयोबाची गोष्ट शिकवली होती. त्याच्या अंगभर फोड उठलेले असताना तीन मित्र येतात आणि तुझंच काही चुकलं असणार असं त्याला पटवत बसतात. शेवटी देव त्या मित्रांवरच संतापतो. त्या मित्रांची नावं मुलांकडून पाठ करून घेणारा मी, त्यांच्यात चौथा जाऊन बसलो होतो. पौलाच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. त्यानं त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेतात मागे ठेवलं, तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं आणि स्वतःबरोबर लूक नावाचा वैद्य बाळगला. यातलं काही मला नव्यानं कळलं नाही. सगळं ठाऊक होतं. सेवकाच्या सभेत यातलं एकही नाव आलं नाही, हे मात्र तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत पंडिता रमाबाईंपेक्षा मोठं नाव नाही. त्या 1883 मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या, पण कानांनी दगा दिला आणि तो बेत सोडावा लागला. ऐकू कमी येणं त्यांच्या सोबतीला राहिलं. 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे आत्मिक संजीवन झालं त्याची चर्चा जगभर झाली. मुली तासन्‌तास प्रार्थना करत होत्या. त्यातल्या कोणी रमाबाईंना म्हटलं असेल का, की बाई, तुमचा विश्वास कमी पडतो म्हणून कान बरे होत नाहीत? माझ्या टेबलाशी आल्या असत्या तर त्यांच्या नावापुढेही मी 'कान, बरा' लिहिलं असतं.

मग मी उशिरा का होईना, मुनिमाचं काम केलं. रजिस्टर पिशवीत घातलं आणि सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल काढून दारव्ह्यापासून बाभुळगावपर्यंत घरं शोधत फिरलो. कंबरवाल्यांच्या कमरा परत दुखत होत्या. काहींच्या नव्हत्या, तेही प्रामाणिकपणे सांगतो. दोघं-तिघं खरंच बरे होते आणि देवाचे आभार मानत होते. मीही मानले. सिकलसेलचा मुलगा थंडीत दवाखान्यात भरती होता. शुगरच्या एका माणसानं गोळ्या सोडल्या होत्या आणि अंगठ्याला जखम घेऊन बसला होता. एका घरी जिचं नाव लिहिलं होतं ती बाईच उरली नव्हती. 'छातीत गाठ, बरी,' असं माझ्या अक्षरात होतं. नवऱ्यानं पाणी दिलं, चहा दिला. तो म्हणाला, सभेनंतर तिनं ऑपरेशनला नकार दिला, पण गेली ती शांतीत. मी वही पिशवीतून काढलीच नाही.

पुढे माझ्या पुतण्यानं मला एका अमेरिकन सर्जनची गोष्ट सांगितली. विल्यम नोलन त्यांचं नाव. कॅथरिन कुलमन या त्यांच्याकडच्या प्रसिद्ध चंगाई करणाऱ्या बाई. नोलन त्यांच्या सभेत स्वयंसेवक म्हणून चाकाच्या खुर्च्यांपाशी उभे राहिले, बरं झालेल्यांची नावं-पत्ते टिपून घ्यायची व्यवस्था केली आणि नंतर त्यातल्या 23 जणांचा पाठपुरावा केला. खराखुरा बरा झालेला एकही सापडला नाही. मणक्याच्या कॅन्सरची एक बाई सभेत पट्टा फेकून स्टेजवर धावली होती. दुसऱ्याच दिवशी तिचा मणका ढासळला आणि चार महिन्यांत ती गेली. नोलन यांनी हे ज्या पुस्तकात लिहिलं ते 1974 चं. मला ते कळेपर्यंत तीसहून अधिक वर्षं गेली होती. 1986 मध्ये पीटर पोपॉफ नावाच्या सेवकाच्या कानात बायको वायरलेसवरून लोकांची नावं आणि आजार सांगते हे अशी ढोंगं उघडी पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांनी रेकॉर्ड करून टीव्हीवर ऐकवलं. आमच्या सेवकाला वायरलेस लागला नाही. त्याला माझी वही पुरली.

नेरमधलेच एक शिक्षक, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम करणारे, सभेनंतर लगेच माझ्याकडे आले होते. आवाज न चढवता म्हणाले, यादी द्या, भेटून येतो. खरे बरे झाले असतील तर मीच पेपरात लिहीन. मी त्यांना सांगितलं की देवाची परीक्षा पाहू नये. गावोगाव फिरून आल्यावर तरी मी त्यांच्याकडे जायला हवं होतं. नाही गेलो. अल्पसंख्य समाजाची एक भीती असते. आपलं धुणं चव्हाट्यावर धुतलं की ज्यांना आपलं प्रार्थनामंदिरच नको आहे त्यांच्या हातात काठी मिळते. ही भीती खोटी नाही, आजही नाही. पण तिच्या आडोशाला कोण कोण सुखात राहतं हेही मी पाहिलं आहे. समितीच्या डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कुठल्याच एका धर्माविरुद्ध नाही. साध्या प्रार्थनेला हात लावलेला नाही. चमत्काराच्या नावानं फसवून पैसा करण्याला लावला आहे. आमच्याकडे काही जण म्हणाले, हा कायदा आपल्याविरुद्ध आहे. मी तेव्हाही गप्पच होतो.

रजिस्टरचं काय झालं? आयोजन समितीच्या अध्यक्षांनी ते ऑफिसात जमा करायला सांगितलं. मी केलं. आयुष्यभर पावतीशिवाय कागद न देणाऱ्या माणसानं ते नक्कल न काढता दिलं. पुन्हा दिसलं नाही.

सप्टेंबर 2019 मध्ये बेनी हिन यांनी जाहीर केलं की अमुक इतकी रक्कम द्या म्हणजे देव आशीर्वाद देईल असं आपण यापुढे सांगणार नाही, सुवार्ता विकायला नसते. काहींनी त्यांचं कौतुक केलं, काहींनी विचारलं की आधीच्या पैशांचं काय. मला वाटलं, चला, उशिरा सुचणाऱ्यांत आपण एकटे नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये पंजाबच्या बजिंदर सिंग या सोशल मीडियावर गाजलेल्या पास्टरला 2018 च्या बलात्काराच्या खटल्यात मोहालीच्या न्यायालयानं जन्मठेप दिली. आमच्या मंडळीत सुटकेचा सूर होता. माणूसच वाईट निघाला, संपलं. मला ते तेवढ्यावर संपत नाही. त्याला शिक्षा झाली ती वेगळ्या गुन्ह्याची. आमचा सेवक, माझ्या माहितीप्रमाणे, चारित्र्यानं स्वच्छ होता. दारू नाही, बाई नाही, पहाटे चारला उठून प्रार्थना. तरीही ती मुलगी चुलीत पडलीच.

तिच्या आईकडे मी गेलो. फार उशिरा, पण गेलो आणि सगळं सांगितलं, नोंदीचंही. तिला आधीपासून माहीत होतं. ती म्हणाली, "तुमी तवा मोठे होते ना मंडळीत." मोठे होते, एवढंच. क्षमा केली की नाही ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलगी आता नागपूरला नोकरी करते, लग्न झालंय, गोळ्या नियमित घेते. उपासनेला जाते की नाही ते मला ठाऊक नाही.

गेल्या वर्षी मंडळीतल्या तरुण सेक्रेटरीनं नवा प्रस्ताव आणला. यूट्यूबवर लाखो लोक पाहतात असा एक सेवक, नेरलाच बोलवायचा. पोरगा चांगला आहे, त्याच्या डोळ्यांत मला माझीच 2006 ची चमक दिसली. मी विरोध केला नाही. म्हटलं, बोलवा, पण टेबलावर दोन वह्या ठेवा. एक त्या रात्रीची, दुसरी सहा महिन्यांनंतरची. दुसऱ्या वहीसाठी मी स्वतः गावोगाव फिरेन, पेट्रोल माझं. आणि दोन्ही वह्या उपासनेत सगळ्यांसमोर वाचायच्या. सेक्रेटरी म्हणाला, विचारून सांगतो. त्यानं खरंच सेवकाच्या ऑफिसला फोन केला. तिकडून उत्तर आलं की अशी अट घालणाऱ्या मंडळीचा विश्वास आधी वाढायला हवा.

सभा शेजारच्या तालुक्यात झाली. गर्दी चांगली होती म्हणतात. टेबलावर कोण बसलं होतं, त्याचा मी शोध घेतोय.